मागं सीट नसलेली गाडी

आखाडा बाळापूरच्या स्टँडासमोर माझं कुशनचं दुकान हाय. ट्रॅक्टरची सीट, जीपची सीट, डॉक्टरसाहेबांच्या मोटारीची सीट, सगळ्या मीच शिवतो. ह्या गावात कुणाच्या बुडाखाली काय हाय ते मला इचारा, मी सांगतो. नाव अन्सार. डोकं जरा गरम हाय, हे आधीच सांगून ठेवतो, मागून तक्रार नको. आन् ज्यायची गोष्ट सांगायला बसलो ते आमचे शेजारी जळबाभाऊ. एस.टी.चे ड्रायव्हर. औंदा रिटायर झाले आन् फंडाच्या पैशातून त्यायनं एक लाल, बुटकी, दोन दरवाज्याची स्पोर्ट्स कार घेतली. जुनी. पुण्याच्या एका डीलरकडून.

हसून राहिले ना? हसा. अख्खं बाळापूर हसलं. रिटायर माणूस काय करतो? घरावर मजला चढवतो. बोअर मारतो. ज्याला काहीच सुचत न्हाई तो पतसंस्थेत ठेवतो आन् बीपीची गोळी चालू करतो. स्पोर्ट्स कार कुणी घेतं का? गाडी ट्रकवरून उतरली त्या दिवशी किराणावाले पुनमचंदशेठ दुकान उघडं टाकून बघायला आले. कमरेत वाकून आत बघितलं, मागं जाऊन बघितलं, आन् म्हणले, "जळबाजी, बाकीची गाडी कवा येणार?"

जळबाभाऊ कुणाला काही बोलले न्हाईत. त्यायचा तसा सोभावच हाय. उभी हयात बस चालवलेला माणूस. बसमधी पाटी असती, चालकाशी बोलू नये म्हणून. ती पाटी भाऊनं घरीबी पाळली. दिवसभर रस्ता बघायचा, घरी येऊन भाकर खायची, झोपायचं. अपघात म्हणाल तर कोंबडीसुद्धा कधी चाकाखाली आली न्हाई. कोंबडी रस्त्यात बसली तर भाऊ बस उभी करायचे. कोंबडी उठून जाईस्तोवर सगळं प्यासिंजर बसून राहायचं.

पण गाडी काहून घेतली हे एकट्या मला ठाऊक व्हतं. गाडी उतरली त्या सांजंला ते माझ्या दुकानी आले तवा मी सरळ इचारलं.

"भाऊ, घ्यायचीच व्हती तर ऐसपैस घ्यायची. मागं चार माणसं बसतील अशी."

"त्येच तर नको," म्हणले.

"काहून?"

भाऊनं दुकानाबाहेर बघितलं, कुणी ऐकून तर राहिलं न्हाई ना. मंग म्हणले, "अन्सार, तूच सांग. आपल्याकडं कुणाच्याबी चारचाकीत ड्रायव्हरच्या शेजारी कोण बसतं?"

मी इचार केला. "जावई."

"जावई नसला तर?"

"मेव्हणा. न्हाईतर गावातला कुणी वजनदार माणूस."

"तोबी नसला तर?"

"मंग कुणाचं तरी म्हातारं, उलटी होती म्हणून."

"आन् बायको?"

"बायको मागं. लेकरं, पिशव्या आन् ती."

"बरं, लेकरं न्हाईत, पिशव्या न्हाईत. दोघंच हायत. तरी?"

खरं सांगतो, मी मान खाली घालून सुई ओवायला लागलो. कारण मी डोळ्यांनी बघितलंय. पुढची सीट रिकामी आन् बाई मागं बसून चाललीय. कुणी तिला मागं बस म्हणत न्हाई. ती आपली आपणच मागचं दार उघडती.

"म्हणून ही गाडी," भाऊ म्हणले. "मागं सीटच न्हाई, तर जाईल कुठं?"

मंग हळूहळू एकेक सांगितलं. बसमधी ड्रायव्हरच्या शेजारी इंजिनचं झाकण. त्याच्यावर कुणाचा तरी डबा. जनकावहिनी माहेरी निघाल्या की कधीमधी ह्यायच्याच बसला यायच्या, पण बसायच्या पार मागं, बायांत. भाऊला त्या आरशात दिसायच्या. त्याबी निम्म्याच, कारण पुढच्या बाईचा आंबाडा मधी यायचा. आन् नोकरीच्या शेवटच्या दिवसांत एकदा वारंगा फाट्याच्या पुढं एका लाल बुटक्या गाडीनं बसला ओव्हरटेक केलं. आत एक माणूस, शेजारी त्याची बायको. खिडक्या खाली. "बाई बोलून राहिली व्हती," भाऊ म्हणले, "आन् माणूस ऐकून राहिला व्हता. बस्स. मी तवाच ठरवलं."

या अल्ला, ह्या माणसाच्या पोटात एवढं असंल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी म्हणलो, "वहिनींला सांगितलं का?"

"असं कुणी सांगतं का?" भाऊ म्हणले आन् मला वर शपथ घातली, तूबी सांगायचं न्हाई.

घरी मी शाहिस्ताला तेवढं सांगितलं. बायकोला सांगणं म्हंजे सांगणं नसतं. ती ऐकून म्हणली, "तुमे कभी मेरे वास्ते ऐसा सोचे क्या?" मी म्हणलो, फटफटीवर पुढं कुठं बसवू तुला, टाकीवर? त्या दिवशी मला नुसती भाकर मिळाली, सालन न्हाई.

आता खरी तकलीफ ऐका. दुसऱ्या दिवशी गाडी दारात उभी राहिली, भाऊनं स्वतः दार उघडलं, आन् जनकावहिनी म्हणल्या, "मी न्हाई बसत."

त्यायचंबी बराबर हाय. लग्नाच्या दिवशी वऱ्हाडाचा टेम्पो डोंगरकड्याच्या अलीकडं बंद पडला. रस्ता चिखलाचा. पुरुष मंडळी ढकलून थकली तवा बाया उतरल्या, आन् शेवटी नवरीबी उतरली. जनकावहिनीनं हळदीच्या अंगानं टेम्पो ढकललाय. सासरी पोचल्या तवा लग्नाची पांढरी साडी गुडघ्यापातूर काळी. सासू बघून म्हणली, नवरी आणली का भात लावायला बाई आणली. त्या दिवसापासून वहिनीचा नेम हाय, एस.टी. सोडून कशात बसायचं न्हाई. काळीपिवळीत न्हाई, भाच्याच्या जीपमधी न्हाई. त्यायचा हिशेब सरळ हाय: एस.टी. बंद पडली तर मागून दुसरी एस.टी. येती. बाकीच्याच्या मागून कोण येतं?

"ही बंद पडली तर मागून कोण येणार?" त्यायनं भाऊला इचारलं.

भाऊनं उघडलेलं दार हळूच लावून घेतलं.

बरं, भाऊचं घर बुद्धाचं. गाडीला नारळ न्हाई, लिंबू-मिरची न्हाई, काळी बाहुली न्हाई. शेजारच्या शकुबाईनं लिंबं आणून दिली तर वहिनीनं त्यायचं सरबत केलं आन् आमा सगळ्यायला पाजलं. मी म्हणलो, दर्ग्यातून ताबीज आणून देतो, आरशाला बांधा. तेबी नको म्हणल्या. "ताबीज काय ढकलायला येणार हाय व्हय?"

तरी भाऊनं जिद्द सोडली न्हाई. आधी म्हणले, गाडीची सीट लई खाली हाय म्हणून ती बसत न्हाई. तिचे गुडघे दुखतात. मंग मी सीट केली. अशी सीट मी उभ्या जन्मात केली नव्हती. जाड फोम, वर मऊ, कडेला घट्ट, उठताना हाताला आधार मिळंल अशी. बाई एस.टी.त बसती तशी बराबर त्या उंचीवर आणली. वहिनी आल्या, हातानं दाबून बघितली, म्हणल्या, "मस्त झाली अन्सारभाऊ." आन् घरात निघून गेल्या.

गाडी आपली फिरायची. भाऊ एकटेच घेऊन निघायचे आन् वहिनी माझ्या दुकानात यायच्या. "भाऊ, जरा मागून जाता का? ते एकटेच गेलेत." मंग मी शटर ओढून फटफटीवर निघायचो. दोन महिने मी त्या गाडीची शेपटी झालो व्हतो. भाऊ, हवा बघा. भाऊ, पेट्रोल बघा. भाऊ, तो हँडब्रेक काढा. सगळं मीच.

आन् गाडी पळायची कशी ते इचारू नका. भाऊचा पाय बसचा. बस जेवढी पळायची तेवढीच ही पळवायची, आन् जिथं बस थांबायची तिथं थांबायचं. फाटा आला की पाय आपोआप ब्रेकवर. एकदा नांदेडला नात्यात बारसं व्हतं. भाऊ गाडी घेऊन निघाले आन् वहिनी एस.टी.नं. अर्धापूरच्या अलीकडं एस.टी.नं स्पोर्ट्स कारला मागं टाकलं. खिडकीतून लोकं हात करून राहिले. वहिनीनं हात केला न्हाई, तोंडावर पदर घेतला. नांदेडच्या स्टँडवर उतरून त्या भाऊची वाट बघत बसल्या, दोन चहा झाले तवा भाऊ आले.

अशात एक दिवस फोन आला. डीलरनं दिलेली वॉरंटी संपत आलीय, वाढवून घ्यायची का? घेतली तर गाडी बंद पडल्यावर कंपनी गाडी उचलून नेती, दुरुस्त करून देती.

भाऊच्या तोंडावर उजेड पडला. धावतच घरात. "जनका, वॉरंटी वाढवली तर मागून कंपनीचा माणूस येतो!"

गावानं मंग अक्कल शिकवायला सुरुवात केली. पुनमचंदशेठ म्हणले, वॉरंटी असंल तवर वस्तू बिघडत न्हाई आन् संपली की दुसऱ्या दिवशी बिघडती, हा निसर्गाचा नियम हाय. त्यायच्या मिक्सरचं तसंच झालं. मी म्हणलो, शेठ, मिक्सर बंद पडला तर बायकोला डोंगरकड्यापासून चालत यावं लागत न्हाई. पुण्याहून भाऊची लेक ज्योती फोनवर म्हणली, बाबा, घ्यायची तर बारीक अक्षर वाचून घ्या. भाऊ म्हणले, वाचतो, पण चष्म्याचा नंबर वाढलाय.

वहिनी मातर एकच म्हणल्या. "जो मागून येणार हाय, त्याला आधी बघू द्या. माणूस कसा हाय ते बघून सांगते." सोयरीक करायची असती तर एवढी चौकशी झाली नसती.

तर नांदेडहून आयुष नावाचं पोरगं आलं. वॉरंटीवाल्याचा माणूस. पांढरा शर्ट, गळ्यात पट्टा, बुटाला धूळ न्हाई. जुन्या गाडीला वॉरंटी द्यायच्या आधी गाडी तपासावी लागती म्हणला. बोलणं गोड. वहिनींला 'मॅडम' म्हणला तर वहिनीनं मागं वळून बघितलं, कोण आलं म्हणून.

"सर, एक राउंड मारू," तो म्हणला आन् वहिनीच्या सीटवर बसला. मला ते आवडलं न्हाई. भाऊलाबी आवडलं न्हाई, पण बोलणार कसे? वहिनीनं माझ्याकडं बघितलं. मी फटफटी काढली.

वारंग्याकडं निघालो. आयुष खिडकीतून सारखा म्हणून राहिला, "सर, जरा पळवा ना, इंजिनचा आवाज ऐकायचाय." भाऊ म्हणले, "पळवूनच राहिलो की." तेवढ्यात उसाच्या दोन टायल्या लावलेला ट्रॅक्टर आमच्यापुढं निघून गेला. त्याच्यावर बसलेल्या माणसानं भाऊला रामराम केला, भाऊनं जय भीम केला.

फाटा आला. भाऊचा पाय ब्रेकवर. गाडी थांबली आन् पाटी-टोपलं घेऊन उभी असलेली रुक्माबाई, बोरं इकणारी, तिनं सरळ दार उघडलं.

"सरक रे बाबा जरा."

"मावशी, ही बस नाहीये," आयुष म्हणला.

"मला ठावं हाय. जळबाची गाडी हाय. सरक."

आता दोन माणसांच्या गाडीत सरकणार कुठं? रुक्माबाई त्या पोराच्या निम्म्या मांडीवर बसली आन् बोरांचं टोपलं त्याच्या गळ्यातल्या पट्ट्यावर आलं. भाऊनं मागं आरशात बघितलं, प्यासिंजर बसलं का, आन् मंगच गेर टाकला. पुढच्या थांब्यावर ती उतरली. पदराची गाठ सोडून चिल्लर काढली. भाऊ म्हणले, राहू दे मावशी. "तू न्हाई घेत, मला ठावं हाय," म्हणली आन् आयुषच्या हातात चिल्लर कोंबली. "घे कंडक्टर. वर बोरं घे मूठभर."

मी फटफटीवर हसू दाबून दाबून पार रडकुंडीला आलो. आयुषचं तोंड बघण्यासारखं झालं व्हतं. एका हातात चिल्लर, एका हातात बोरं.

परत आल्यावर अंगणात खुर्च्या टाकल्या. वहिनीनं चहा केला. आयुषनं मोबाइलवर काय काय ठोकलं, गाडीखाली वाकून बघितलं, माझी सीट दाबून बघितली. मंग घसा साफ केला.

"सर, इंजिन चांगलं आहे. पण दोन अडचणी आहेत. गाडीतून प्रवासी वाहतूक होते, ती चालणार नाही."

"वाहतूक कुठं? मावशी व्हती ती," भाऊ म्हणले.

"माझ्या हातात भाडं आलंय, सर."

त्यानं मुठीतली चिल्लर सगळ्यायला दाखवली.

वहिनी मधीच म्हणल्या, "ते राहू दे बाबा. मला एक सांग. सिद्धेश्वर धरणाच्या वाटंला गाडी बंद पडली, तर तू येशील का?"

"मी नाही, मॅडम. तुम्ही एका नंबरवर फोन करायचा."

"मंग कोण येणार?"

"कंपनीची गाडी. म्हणजे, वर्कशॉपच्या शहरात असाल तर येते."

"आन् वर्कशॉप कुठं हाय?"

"हैदराबादला एक आहे. पुण्याला एक आहे."

वहिनीनं कप खाली ठेवला. "आमी एवढ्या लांब हैदराबादेत जाऊन कशाला बंद पडू?"

पोरानं गळ्यातला पट्टा सारखा केला. पण पोरगं वाईट न्हाई, उगा कशाला म्हणू. त्याला भाऊच्या तोंडाकडं बघून कसंतरी झालं असंल. म्हणला, "सर, बाहेर पडली तर तुम्ही तुमच्या खर्चानं वर्कशॉपपर्यंत आणायची, मग दुरुस्ती आमची. तेवढं मिळेल. वाहतूक करणार नाही असं लिहून द्या. आणि दुसरी अडचण म्हणजे ही सीट. कंपनीची नाही. ती काढून मूळची सीट बसवा, मी उद्याच पास करतो."

"आजच काढतो," भाऊ म्हणले. "अन्सार, पान्हा आण."

माझं डोकं सटकलं. सांगितलं ना, गरम हाय.

"पान्हा?" मी उभा राहिलो, खुर्ची मागं पडली. "भाऊ, तुमाला येड लागलं का? ही गाडी घेतली कुणासाठी? वहिनीसाठी! मागं सीट नको म्हणून दोन माणसांची घेतली कुणासाठी? वहिनीसाठी! वहिनी शेजारी बसाव्या, बोलाव्या, म्हणून अख्ख्या गावाचं हसू सोसलं. वहिनी बसत न्हाईत म्हणून वॉरंटी, आन् वॉरंटी मिळंना म्हणून आता वहिनीचीच सीट काढायची! आन् मंग गाडीत कुणाला बसवणार, वॉरंटीला?"

शकुबाईच्या भिंतीवरून दोन डोकी वर आली व्हती, तीबी खाली गेली न्हाईत. भाऊची शपथ मी मोडली व्हती आन् आता काही परत घेता येत नव्हतं.

वहिनी भाऊकडं बघून राहिल्या. "खरं हाय का हे?"

भाऊ समोर बघून राहिले. ड्रायव्हर माणूस, त्यायला समोरच बघायची सवय.

"मी तुमालाच इचारून राहिले. गाडी मिरवायला न्हाई घेतली?"

"न्हाई."

"मंग आधी काहून न्हाई सांगितलं?"

भाऊ बारीक आवाजात म्हणले, "तू शेजारी बसल्यावर सांगणार व्हतो."

शपथेवर सांगतो, मला रडू आलं. मी खुर्ची उचलायच्या निमित्तानं खाली वाकलो. आयुषनं त्या चिल्लरीकडं बघत राहायचं ठरवलं.

वहिनी उठल्या. "लेकरा," आयुषला म्हणल्या, "चहा संपव आन् जा. आमाला न्हाई पायजे वॉरंटी."

"मॅडम, नीट विचार करा. आणि बंद पडली तर?"

"पडू दे."

आत गेल्या त्या पुन्हा बाहेर आल्या न्हाईत. भाऊ म्हणले, रुसली का रे? मी म्हणलो, मला काय ठावं, माझी सकाळपासून रुसलीय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडतोय तर वहिनी दारात उभ्या. निळी काठाची साडी, हातात भाकरीचं गाठोडं. गाडीच्या दारापाशी गेल्या. आधी डोकं घातलं, जमंना. मंग पाय घातला, जमंना. मी म्हणलो, वहिनी, आधी बूड, मंग पाय. तसं जमलं. सीटवर बसून त्या एकदा हलल्या, नीट रेलल्या, आन् माझ्याकडं बघून मान हलवली. आंबाडा छताला लागला तर तो सोडून वेणी पुढं घेतली. भाऊ दुसऱ्या दारानं आले. गाडी चालू केली आन् पहिलाच गेर चुकला. घाटातबी ज्यायचा गेर कधी चुकला न्हाई ते हे भाऊ.

"धरणावर चाललो," वहिनी म्हणल्या. "आन् अन्सारभाऊ, आज मागून येऊ नका."

मला जरा वाईटच वाटलं. दोन महिने दुकान बंद ठेवून मागं फिरलो आन् आज नको झालो. पण गाडी गल्लीच्या तोंडाशी पोचली न्हाई तवर आतून वहिनीचा आवाज चालू झालेला ऐकू आला. मंग म्हणलो, जाऊ दे.

दुपारी फोन वाजला. भाऊ.

"अन्सार, गाडी बंद पडली."

मी हातातली कात्री खाली ठेवली. "कुठं?"

"सिद्धेश्वरच्या अलीकडं. चालू व्हती, खों खों केलं आन् थांबली. काय झालं कळंना."

"वहिनी?"

"हाय की," म्हणले, आन् फोन ठेवला.

मी तसाच माझ्या भाच्याला, फहीम मिस्त्रीला उचलला. फटफटीवर मागं तो आन् त्याची हत्याराची पिशवी. रस्त्यानं माझं एकच. संपलं सगळं. पहिल्याच खेपंला बंद पडली. आता बाई जन्मात बसणार न्हाई. टेम्पो ढकललेली बाई हाय ती, ह्या उन्हात रस्त्याच्या कडंला उभी असंल, न्हाईतर पदर खोचून ढकलून राहिली असंल. आन् भाऊ समोर बघत. आता ही गाडी इकावी लागणार. माझ्याच तोंडानं सगळं झालं, मी काल बोललो नसतो तर निदान वॉरंटी तरी असती. खड्डा बघितला न्हाई, गतिरोधक बघितला न्हाई. फहीम मागून ओरडून राहिला, मामू, माझी पिशवी पडंल.

धरणाच्या अलीकडं एका बाभळीखाली लाल टप दिसलं. रस्त्याच्या कडंला कुणी उभं नव्हतं. कुणी ढकलूनबी नव्हतं राहिलं. दारं बंद, खिडक्या खाली, आन् आत दोन डोकी. मी फटफटी लांबच बंद केली आन् चालत गेलो.

वहिनीच्या मांडीवर गाठोडं सोडलेलं. भाकर निम्मी झालेली. वहिनी बोलून राहिल्या व्हत्या. हातवारे करून, तोंडात घास असताना, कुठल्यातरी मावशीच्या लग्नातली गोष्ट, त्यात कुणीतरी हिरीत पडलं व्हतं. आन् भाऊ हातात भाकरीचा तुकडा तसाच धरून पार तिरपे बसले व्हते, वहिनीकडं तोंड करून. मी एवढ्या वर्षात त्यायला असं बसलेलं कधी बघितलं न्हाई. ते हसून राहिले व्हते, आवाज न करता, खांदे हलवून.

मी खोकलो.

वहिनीनं मान वळवून बघितलं. कपाळाला आठी पडली.

"आत्ता! एवढ्या लौकर काहून आलात?"

भाऊ कसनुसे होऊन म्हणले, "ये अन्सार, ये. बघ जरा काय झालंय." फहीमनं खिडकीतून हात घालून चावी फिरवली. काटा पार तळाला झोपलेला. पेट्रोल संपलं व्हतं. उभ्या नोकरीत डिझेल डेपोत भरलेलं असायचं, भाऊनं नुसती बस बाहेर काढायची. आन् इतके दिवस आठवण करून द्यायला मी मागून असायचो. ह्याला जगातली कुठलीच वॉरंटी लागू व्हत न्हाई.

फहीमनं हसायला तोंड उघडलं तसा मी त्याच्या दंडाला चिमटा काढला. "मोठं काम दिसतंय, भाऊ," मी म्हणलो. "सामान आणावं लागंल. तुमी बसा निवांत."

"बसतो की," वहिनी म्हणल्या, आन् भाऊकडं वळून, "तर काय सांगून राहिले व्हते मी, हां, हिरीत पडला तो..."

आमी फटफटीपाशी आलो. फहीम म्हणला, "मामू, पेट्रोल पंप तर आत्ताच मागं लागला की, वळणावर."

"तो बंद हाय."

"चालू व्हता. मी बघितला."

"फहीम, गप बस. आपल्याला पार औंढ्याच्या पंपावर जायचंय."

मी फटफटी सावकाश काढली, भाऊ चालवतात तशी. औंढ्यात पोचल्यावर आमी आधी जेवायला बसलो.